दामोदर बोरकर, गोव्याकडचे

"जरा कोकणी बोला ना," केतकर म्हणाले.

माझ्या हातात पोळीचा घास होता आणि वाटीत गुळाची आमटी. समोर केतकर, मधुमालती सोसायटीचे खजिनदार, हनुवटी तळहातावर टेकवून गाण्याच्या बैठकीला बसावं तसे बसले होते. बाजूच्या खुर्चीत सोसायटीच्या सेक्रेटरी वैद्य बाई. निवृत्त मुख्याध्यापिका. घर त्यांचं, आमटीही त्यांचीच. मी आलो होतो त्यांच्या गॅलरीला कबुतरांची जाळी नमुना म्हणून लावून द्यायला. जाळी लागली, बाई म्हणाल्या आता जेवूनच जा, शेजारचे केतकर वासावर आले आणि पंधरा मिनिटांत माझ्यावर ही वेळ आली.

अडचण एकच होती. मला कोकणी येत नव्हती. गोवा मी पाहिला नव्हता. समुद्र तोवर फक्त कॅलेंडरावर पाहिला होता.

दोष माझाच. पहिल्या भेटीत केतकरांनी माझं कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचलं, 'डी. आर. बोरकर, कबुतर जाळी व सेफ्टी नेट', आणि विचारलं, बोरकर म्हणजे गोव्याकडचे ना? मी हं म्हटलं. डी म्हणजे दामोदर असणार, असं तेच म्हणाले. मी पुन्हा हं म्हटलं. दोन वेळा हं म्हणून माणूस किती लांब जाऊ शकतो पाहा. मी धम्मानंद रामाजी बोरकर, मुक्काम खैरी, तालुका लाखांदूर, जिल्हा भंडारा. तिथून मी उठलो आणि थेट मांडवीच्या काठावर जाऊन पडलो.

आता कोणी म्हणेल, खरं सांगायला काय झालं होतं? वर्षभरापूर्वी एका सोसायटीत सांगितलं होतं. मापं घेऊन झाली होती, चहा आला होता, भाव ठरला होता. तेवढ्यात एका गृहस्थाने सहज विचारावं तसं पूर्ण नाव विचारलं, मग गाव, मग त्या गावात कुठे राहता. कळवतो म्हणाले. अजून कळवूनच राहिले.

आणि हे काम मला पाहिजेच होतं. मधुमालतीचे शहाण्णव फ्लॅट. सात मजले. लॉकडाऊननंतरची ती गोष्ट; माणसं घरात बसली होती तेव्हा कबुतरांनी पुण्याच्या सगळ्या गॅलऱ्यांचा ताबा घेतला होता आणि माझा धंदा बरा चालायला लागला होता. पण माझी एक खाजगी अडचण होती. मला उंचीची भीती वाटते. हसा. बायकोही हसते. दोरीवर लटकून पाचव्या मजल्यावर हुक ठोकताना मी डोळे मिटत असे आणि हातोडी अंदाजाने मारत असे. एवढं मोठं काम मिळालं, तर दोरीवरची दोन सराईत माणसं ठेवता आली असती आणि मी जमिनीवर उभं राहून वरती बोट दाखवलं असतं. नाहीच मिळालं, तर साळ्याने नागपुरात कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जागा काढून ठेवली होती, आणि ती जागा म्हणजे साळ्याच्या हाताखालची.

तर, कोकणी. एक वाक्य मला ठाऊक होतं, 'देव बरें करूं'. ते बोलून टाकलं. केतकरांनी मान डोलावली आणि म्हणाले, अजून.

माझा साठा संपला होता. मग मी काय केलं, तर डोळे किंचित मिटले, आवाज नाकात चढवला आणि आमच्या घरची झाडीपट्टीची बोली लावली. मनात होतं तेच बोललो.

"वं माय, वरनाच्या गंजात कोनं अख्खी भेली सोडली वं."

म्हणजे, अगं आई, आमटीच्या पातेल्यात कुणी गुळाची अख्खी ढेप सोडली गं. पुण्यात गंज म्हणजे लोखंडाला चढतो तो आणि भेली तर कोणाला माहीतच नाही, त्यामुळे मी निर्धास्त होतो. केतकरांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, आमटी फारच रुचकर झाली आहे. केतकर प्रसन्न झाले. उच्चारात पोर्तुगीज छाप स्पष्ट जाणवते, असं त्यांनी मत दिलं. वैद्य बाईंना जोराचा ठसका लागला आणि त्या तोंडाला पदर लावून आत पाणी प्यायला गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

ते मंगळवारी झालं. शनिवारी सकाळी सात वाजता आमच्या मंचाची मीटिंग होती.

मंचाचं नाव 'उभारी'. आपल्या समाजातल्या लहान-मोठ्या धंदेवाल्यांचा ऑनलाइन मंच. चंद्रपूरचे केळीची रोपं करणारे, नांदेडच्या लॅबवाल्या ताई, संभाजीनगरचा फ्लेक्सवाला, अकोल्याचे सीए, नाशिकचे सोलरवाले, असे पन्नासेक जण आपापल्या चौकटीत बसायचे. चालवायचे खोब्रागडे सर. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती, पण बँकेला ते पटलं असेल, त्यांना अजून नव्हतं. हजेरी घ्यायचे. गैरहजर राहिलं तर लेखी खुलासा. प्रत्येकाला बोलायला साठ सेकंद, आणि साठाव्याला सर स्टीलच्या ताटावर चमचा वाजवायचे.

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. बोलताना आधी नाव, मग आडनाव, मग गाव आणि शेवटी धंदा. ह्याच क्रमाने, खणखणीत आवाजात. बाहेर आपण आडनाव गिळतो, गाव पुटपुटतो, सर म्हणायचे, इथे तोंड भरून बोला. पहिल्यांदा मी 'धम्मानंद रामाजी बोरकर, खैरी' असं बोललो तेव्हा माझा आवाज फाटला होता. धंद्याच्या कामात ते नाव मी कधी मोठ्याने घेतलंच नव्हतं. खरं सांगतो, रडू आलं होतं. सरांनी ताट वाजवलं आणि म्हणाले, रडण्याचे सेकंद धरले जातात.

दुसरा नियम, दर आठवड्याला प्रत्येकाने दुसऱ्या कोणासाठी तरी काम शोधून आणायचं. मी माझ्या सासऱ्यांना लॅबवाल्या ताईंकडे, आणि मामेभावाला, गॅलरीही नसलेल्या माणसाला, केळीच्या रोपांकडे पाठवून चुकलो होतो.

आणि एक मेंबर होता 'सोहमचा टॅब'. चार महिन्यांपासून ह्या नावाची काळी चौकट सात वाजता यायची, शेवटपर्यंत थांबायची, कधी बोलायची नाही. सर दर शनिवारी न चुकता विचारायचे, सोहमचा टॅब, आपण बोलणार का? चौकट गप्प. सर नोंद करायचे, सोहमचा टॅब, हजर, मौन.

त्या शनिवारी मी 'आठवड्याचा उद्योजक' होतो. हा मान पाळीपाळीने यायचा. त्यात साठ सेकंदांऐवजी पाच मिनिटं मिळायची, आणि तुमच्या फोटोचं निळं पोस्टर फ्लेक्सवाला करायचा, ते सगळ्यांच्या फोनवर फिरायचं. मला हा मान आठवडाभर पुढे ढकलून पाहिजे होता. मी सरांना शुक्रवारी फोन केला. काहून, असं सरांनी विचारलं. गोव्याचं त्यांना सांगायची माझी छाती नव्हती. तिकडे धम्मानंद लपवून राहिलो होतो आणि इकडे दामोदर.

तर मी बोललो. नाव, आडनाव, गाव, धंदा. मोठं काम कुठे लागून राहिलं, असं सरांनी विचारलं, सोसायटीचं नावही विचारलं. मी सांगितलं, पुण्याची मधुमालती, शहाण्णव फ्लॅट, उद्या रविवारी अकरा वाजता कमिटी ठरवणार. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मला चेव आला. अजून तीन मिनिटं उरली होती, म्हणून मी मंगळवारच्या जेवणाची गंमत सांगितली, गोवा वगळून. म्हटलं, सेक्रेटरी बाई वैद्य आडनावाच्या, माणूस फार चांगला, पण आमटी अशी, की ती खाल्ल्यावर मुंग्या माझ्या मागे चालत घरापर्यंत आल्या. लॅबवाल्या ताई म्हणाल्या, शुगर तपासून घ्या. पन्नास चौकटी खदखदून हसत होत्या.

आणि तेव्हाच सोहमचा टॅब बोलला. म्हणजे, आवाज सुरू झाला. आधी कपबशी पडल्यासारखा आवाज, मग एका पुरुषाचा.

"बाई, तुमचा पेपर आज पुन्हा माझ्याकडे टाकलाय."

मी ओळखला तो आवाज. चार दिवसांपूर्वी त्याच आवाजाने मला कोकणी बोलायला लावलं होतं.

खोब्रागडे सरांना कुठून माहीत असणार? चार महिन्यांनी टॅबला कंठ फुटला म्हणून ते खुर्चीतून अर्धे उठले.

"सोहमचा टॅब, जय भीम. बोला, आवाज येऊन राहिला."

"कोण बोलतंय?" केतकरांचा आवाज आला, आणि चौकट गेली.

मीही मीटिंगमधून बाहेर पडलो. पुढे मीटिंगमध्ये काय ठरलं ते मी ऐकलं नाही, आणि ते न ऐकणं मला दुसऱ्या दिवशी चांगलंच भोवलं.

वीस मिनिटांनी वैद्य बाईंचा फोन आला. बारा वाजता घरी या, एवढंच म्हणाल्या. मी गाडीवर बसून हिशेब लावत गेलो. बाई आपल्या मंचावर काय करून राहिल्या? कोणी पाळतीवर बसवलं? साधा, सरळ अर्थ माझ्या डोक्यात शिरतच नव्हता. डोक्यात फक्त मुंग्या होत्या. मी त्या बाईंच्या आमटीची पन्नास जणांसमोर अब्रू काढली होती आणि बाई ते चहा पीत ऐकत होत्या.

दार उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ये बावा, बस," त्या म्हणाल्या, "खैरीचा म्हणते. मी पवनीची."

मी उभाच राहिलो. खैरीहून पवनी म्हणजे एका बाजाराचं अंतर. तिथल्या घाटावर माझ्या बापाने म्हशी धुतलेल्या.

मग त्यांनी सांगितलं. मंगळवारी मी भेली म्हटलं आणि त्यांना ठसका लागला तो हसण्याचा होता. स्वयंपाकघरात जाऊन आधी हसल्या, मग रडल्या. तो शब्द त्यांच्या आईनंतर कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. मंचावर त्या मला चार महिने पाहतच होत्या, त्यामुळे पहिल्या दिवसापासून मी गोव्याचा नाही हे त्यांना ठाऊक होतं. मुद्दाम गंमत पाहत होत्या. कोकणीची फर्माईश करायला केतकरांना त्यांनीच सुचवलं होतं.

"माणूस कुठवर जातो ते पाहायचं होतं," त्या म्हणाल्या. "तू लय दूर गेलास."

मी विचारलं, तुम्ही स्वतः किती दूर आलात? विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. बाई सांगायला लागल्या. त्यांचे यजमान टेलिफोन खात्यात होते. तीस वर्षांपूर्वी इथे फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डर म्हणाला, वैद्य म्हणजे देशस्थ का? यजमान काहीच बोलले नाहीत. बिल्डरने स्वतःच ठरवून टाकलं आणि सगळ्या जिन्याला सांगून टाकलं.

"आम्ही खोटं बोललो नाही," त्या म्हणाल्या. "फक्त नाही म्हटलं नाही. पहिल्या दिवशी नाही म्हटलं नाही ना, की दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो. मग हे गेले, आणि सांगायला कोणी बरोबरही उरलं नाही."

नातू सोहम परदेशी शिकायला जाताना टॅब ठेवून गेला होता. त्यावर त्यांना मंच सापडला. धंदा काही करायचा नव्हता. माणसं एकामागून एक उठून आपलं नाव आणि गाव सांगतात, ते ऐकायला बरं वाटतं, म्हणून त्या बसायच्या. आमटीचं विचारलं तर म्हणाल्या, ती त्यांनाही आवडत नाही, केतकरांना आवडते. त्या दिवशी त्यांनी मला वांग्याची रस्सेदार भाजी वाढली, वर बोटभर लाल तर्री. नाकातोंडातून पाणी काढत आम्ही दोघं जेवलो. खिडक्या मात्र त्यांनी आधी लावून घेतल्या होत्या.

निघताना त्या दारापाशी थांबल्या. म्हणाल्या, उद्याचा दिवस दामोदरच राहा. काम पदरात पडू दे. केतकरांनी सकाळचा जय भीम ऐकला आहे. सोहमच्या कॉलेजचा कार्यक्रम होता असं त्यांनी सांगून वेळ मारून नेली होती. आता ह्या वयात नवं काही नको. मी हौ म्हटलं. मलाही तेच सोयीचं होतं.

रविवारी अकरा वाजता पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. कमिटीचे नऊ जण, मागे काही रहिवासी. मी जाळीचा तुकडा फिरवला, ओढून दाखवला, दहा वर्षांची हमी सांगितली. सगळं सुरळीत चाललं होतं. अध्यक्ष मतं घेऊया म्हणाले, तेवढ्यात केतकर उठले. त्यांच्या हातात फोन होता आणि चेहरा न झोपलेल्या माणसाचा होता.

"मला काल सकाळपासून त्रेचाळीस मेसेज आलेत," ते म्हणाले.

मंचाचे मेसेज मी कालपासून उघडलेच नव्हते. आदल्या दिवशी मी मीटिंग सोडल्यावर खोब्रागडे सरांनी ठराव केला होता की मधुमालतीला सर्वांनी शिफारस करायची, आजच्या आज, आणि केल्याचा फोटो मंचावर टाकायचा. सोसायटीच्या नावाने नेटवर एकच नंबर होता. तो केतकरांचा.

केतकर चष्मा लावून वाचायला लागले. चंद्रपूरहून केळीवाल्यांनी कळवलं होतं की बोरकर भाऊ हा हिरा माणूस, काम त्यांनाच द्या, जय भीम. नांदेडच्या लॅबने लिहिलं होतं, बोरकर भाऊंना काम दिल्यास संपूर्ण कमिटीची रक्ततपासणी सवलतीत. नाशिकच्या सोलरवाल्यांनी शिफारशीबरोबर आपलं दरपत्रकही जोडलं होतं. अकोल्याच्या सीएंनी केतकरांना त्यांच्या हिशेबात काही अडचण असल्यास संकोच करू नये, असं सुचवलं होतं. आणि प्रत्येकाखाली तेच निळं पोस्टर. केतकरांनी फोन उलटा करून सगळ्यांना दाखवला. हसरा मी, आजूबाजूला चार कबुतरं, आणि ठळक अक्षरांत: धम्मानंद रामाजी बोरकर, मु. खैरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा.

"हे तुम्हीच ना?" केतकरांनी विचारलं. "मग दामोदर कोण?"

मागे कोणीतरी हसलं. मी वैद्य बाईंकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्या अडकल्या असत्या. काहीतरी थाप मारता आली असती, जुळा भाऊ वगैरे; डोक्यात येऊनही गेली. पण त्या पोस्टरवरचा माणूस इतका मोकळा हसत होता, की त्याला नाही म्हणायची मला लाज वाटली.

"मीच आहे," मी म्हटलं. "मी भंडाऱ्याचा. बौद्ध आहे. दामोदर कोणी नाही. गोवा मी पाहिलेला नाही, आणि तुम्हाला ऐकवली ती कोकणी नव्हती, आमच्या गावची बोली होती. मी खोटं बोललो. काम हातचं जाईल म्हणून घाबरलो होतो."

कोणी काही वाईट बोललं नाही. ते बोलतच नाहीत. अध्यक्षांनी कागद सारखे केले, घसा खाकरला आणि म्हणाले, आपल्याकडे आणखी एक कोटेशन आहे, तेही एकदा पाहून घेऊ, मग यांना कळवू.

कळवू म्हणाले. मी जाळीचा तुकडा गुंडाळायला लागलो. झेरॉक्सचं मशीन डोळ्यांपुढे आलं, त्याच्या मागे साळा.

"थांबा," वैद्य बाई म्हणाल्या.

त्या उठल्या, पण खुर्चीची पाठ धरून. शाळेत हजार पोरांना गप्प बसवलेला तो आवाज, आणि त्या दिवशी तो कापत होता.

"ते बोलले ती माझ्या आईची बोली आहे. मी पवनीची, ह्यांच्या शेजारच्या गावची, आणि ह्यांच्याच समाजाची. तीस वर्षं इथे राहते. अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. माझ्या इतिवृत्तात कोणाला आजवर एक चूक सापडली असेल तर सांगा." त्यांनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. "दुसरं कोटेशन शुक्रवारीच बाद झालंय, ते दीडपट आहे. आता मतं घ्या. हात वर करून. मला बघू द्या."

पहिला हात त्यांनीच वर केला. मग बराच वेळ एकटाच होता तो हात. मग पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरीण बाईंनी केला, मग एका तरुण जोडप्यातल्या नवऱ्याने, बायकोने कोपर मारल्यावर. असे करत सहा झाले. अध्यक्ष सहावे. तीन हात खालीच राहिले आणि त्यातला एक केतकरांचा होता. बाईंनी कारण विचारलं, इतिवृत्तात लिहायला. जाळीचा रंग पटत नाही, केतकर म्हणाले. जाळी पारदर्शक होती. बाईंनी तसंच लिहून घेतलं.

संध्याकाळी खोब्रागडे सरांचा फोन आला. शिफारशीचा उपयोग झाला का, असं विचारत होते. मी म्हटलं, झाला, त्रेचाळीस मेसेज पोहोचले. सर चिडले. त्या दिवशी हजेरी सत्तेचाळीस होती, म्हणाले, उरलेल्या चौघांचा मी खुलासा मागवतो.

काम सुरू झालं. जाळी लावायची की नाही हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर होतं, आणि शहाण्णवातल्या एकाहत्तर घरांनी लावली. दोरीवर दोन पक्की माणसं ठेवली. मी खाली उभा राहून बोट दाखवत होतो आणि सुखात होतो. वैद्य बाईंचं म्हणाल, तर दोन घरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं, भिशीचा दिवस त्यांना न कळवता बदलला गेला. त्यांना लागलं ते. मला म्हणाल्या, लागलं. पण खिडक्या लावणं त्यांनी बंद केलं, आणि तर्रीच्या वासाने डॉक्टरीण बाई दोनदा वाटी घेऊन आल्या. केतकर मात्र आमटीला येईनासे झाले. पेपर दाराखालून सरकवायचे.

आता, कबुतरांना मतदान कळत नाही. एकाहत्तर गॅलऱ्या बंद झाल्यावर ती कुठे जाणार? उरलेल्या पंचवीस घरांत गेली. खाली उभं राहून वर पाहिलं की कोणी नाही म्हटलं ते सरळ दिसायचं. केतकरांच्या गॅलरीत तर जत्रा भरली होती. कठड्यावर, कपड्यांच्या दोरीवर, त्यांच्या योगासनांच्या चटईवर.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आधी त्यांनी हवेबद्दल बोलून पाहिलं. मग म्हणाले, जरा कबुतरं झालीत. मी म्हटलं, हो, खालून दिसतात. खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला होता. कधी येता, त्यांनी विचारलं. म्हणाले, चौदा तारखेला सुट्टी आहे, मी घरीच असतो, तेव्हा जमवा.

"चौदा एप्रिलला आम्ही काम करत नाही, केतकर साहेब," मी म्हटलं. "पंधराला येतो. आणि तुमचा एक हुक वैद्य बाईंच्या गॅलरीतून ठोकावा लागेल, त्यांना घरी थांबायला सांगून ठेवा."

"मग पंधराच बरी. चौदाला बाईही नसतात. दर वर्षी चौदा एप्रिलला त्या दाताच्या डॉक्टरकडे जातात. दिवसभर. मला नेहमी वाटायचं, सुट्टीच्या दिवशी कोणता दवाखाना..."

आणि ते थांबले. फोनवर नुसती कबुतरं घुमत होती.

"तीस वर्षं," केतकर म्हणाले. "त्यांचे दात खराब आहेत म्हणून मी तीस दिवाळ्या त्यांना चकली दिली नाही हो. नुसते बेसनाचे लाडू पाठवले."

"द्या की मग आता," मी म्हटलं. "दात चांगले मजबूत आहेत त्यांचे."